पुरुषांच्या बंडाची लेखिका



२०१८ सालच्या जून महिन्यात आमच्या मुलुंडला अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अठ्ठ्याण्णवावे अधिवेशन भरले. मृगाचा पाऊस, चिखल, कालिदास नाट्यमंदिराच्या परिसरातली अहोरात्र चाललेली वर्दळ, ह्या सर्वांतून वाट काढीत मीही एका संध्याकाळी तेथे जाऊन पोहोचलो. अध्यक्षपदी कीर्ती शिलेदार होत्या. संगीत नाटकाच्या पडत्या काळात तिची ज्योत ज्यांनी हाताच्या आडोशाने सांभाळली, त्या घराण्यातल्या ह्या बाई. १९२२ नव्हे, २०२२ साली त्या निवर्तल्या, म्हणजे हा प्रसंग अगदी अलीकडचा आहे. त्यांना व्यासपीठावर पाहत असता शेजारच्या खुर्चीवरील एक गृहस्थ मजकडे वळून म्हणाले, "संमेलनाच्या अध्यक्षस्थानी बाई बसण्याची ही रीत अलीकडचीच, नाही का?"

मी त्यांना म्हणालो, "नाही. नव्वद वर्षांची आहे."

हे उत्तर मला इतक्या झटकन देता आले, ह्याचे श्रेय माझ्या विद्वत्तेला मुळीच नाही. ते माझ्या एका जुन्या चुकीला आहे, आणि ती चूक प्रथम सांगून टाकतो. मी ज्या शाळेत शिक्षक होतो तेथे दरवर्षी स्नेहसंमेलनासाठी नाटक बसविण्याचे काम मजकडे असे. एके वर्षी मुलींच्या वर्गापुढे मी दहा-बारा नाटकांची यादी वाचून दाखविली. देवल, खाडिलकर, गडकरी, अत्रे. यादी संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, बाईंनी लिहिलेले एखादे जुने नाटक नाही का?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "जुन्या काळी बायका नाटके लिहीत नसत." मुलगी खाली बसली. पुढे कितीतरी वर्षांनी, निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा, ते उत्तर साफ खोटे होते असे मला आढळून आले. आजचे भाषण म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

ज्या बाईंविषयी मी बोलणार आहे त्यांचे नाव गिरिजाबाई केळकर. जन्म १८८६, मृत्यू १९८०. माहेरच्या त्या बर्वे, आणि माहेरचे त्यांचे नाव द्रौपदी. हे नाव आपण ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे. लग्नानंतर त्या माधवराव केळकरांच्या गृहिणी गिरिजाबाई झाल्या. त्या पिढीतल्या बहुतेक स्त्रियांप्रमाणे महाविद्यालयाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. जे वाचले ते घरात, जे लिहिले तेही घरात.

त्यांच्या आधी मराठीत लेखणी हाती धरणाऱ्या स्त्रिया नव्हत्या असे नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना असा काही सणसणीत जाब विचारला की त्याची धग आजही वाचकाला लागते. नाटकाच्या प्रांतातही १८९६ साली सोनाबाई केरकरांचे 'छत्रपती संभाजी' प्रसिद्ध झालेले होते. त्यानंतर आल्या हिराबाई पेडणेकर. त्यांचे 'जयद्रथविडंबन' १९०४ चे, आणि 'संगीत दामिनी' तर केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. भास्करबुवा बखल्यांपाशी गाणे शिकलेली, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारख्या नाटककाराचे मार्गदर्शन लाभलेली ही स्त्री कलावंतिणीच्या कुळात जन्मली होती. गिरगावातील त्यांच्या घरी त्या काळचे मोठमोठे साहित्यिक जात असत. पण त्याच साहित्यिकांच्या बायकांनी हिराबाईंना आपल्या घरी हळदीकुंकवास बोलाविले असते किंवा कसे, ह्याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा. हिराबाईंचे अखेरचे दिवस मुंबईपासून दूर, कोकणात गुहागरजवळच्या पालशेत गावी गेले आणि १९५१ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. कथा लिहिणे आणि नाटक लिहिणे ह्यांत स्त्रीच्या दृष्टीने त्या काळी जमीन-अस्मानाचे अंतर होते. काशीनाथ रघुनाथ मित्रांचे 'मासिक मनोरंजन' १८९५ साली निघाले. मुलांसाठी वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' १९०६ साली सुरू झाले. अशा मासिकांकडे गोष्ट पाठवावयाची झाल्यास कागद, दौत, टाक आणि टपालाचे तिकीट एवढ्या सामग्रीवर भागत असे. लेखिकेस घराचा उंबरठा ओलांडावा लागत नसे. आनंदीबाई शिर्के ह्यांच्यासारखी लेखिका, जिचा जन्म १८९२ चा, ह्याच वाटेने कथाकार झाली आणि मुलांसाठीही लिहिती झाली. मुलांच्या गोष्टी आणि गृहिणींना उपयुक्त माहिती ह्या दोन खोल्या समाजाने स्त्री-लेखिकांसाठी जणू मोकळ्या करून दिल्या होत्या. मुलांना गोष्ट सांगावी आईनेच, तेव्हा ती तिने लिहिली तर बिघडले कोठे, असा हिशेब असावा.

नाटकाचे तसे नव्हते. नाटक लिहून झाले की ते कंपनीच्या मालकापुढे वाचून दाखवावे लागे. नटांना सांगावे लागे. तालमीस बसावे लागे. पदांच्या चालींसाठी गवयाशी बोलावे लागे. मालक म्हणेल ती कापाकापी सोसावी लागे. हे सारे कोठे, तर नाटक मंडळीच्या बिऱ्हाडी, जेथे पन्नास-पाऊणशे पुरुष एकत्र राहत, जेवत, गात आणि भांडत. स्त्रियांच्या काही स्वतंत्र नाटक मंडळ्या तेव्हा होत्या, त्यांत स्त्रियाच पुरुषांची कामे करीत. पण घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांनी त्यांची नाटके पाहिली तरी त्यांच्याशी संबंध ठेवला नाही. हिराबाई नाटक मंडळीशी बोलू शकल्या ह्याचे कारण समाजाने त्यांना 'घरंदाज' ह्या कोटीतून आधीच वगळले होते. ज्या दाराने त्या रंगभूमीपर्यंत गेल्या, त्याच दाराने समाजाने त्यांना बाहेर ठेवले. गिरिजाबाईंसारख्या संसारी ब्राह्मण स्त्रीपुढचा प्रश्न नेमका उलटा होता. तिला प्रतिष्ठा होती, दार नव्हते.

अशा स्थितीत ह्या बाईंना नाटक लिहिण्याची बुद्धी झाली तरी कशी? ती खाडिलकरांनी करून दिली.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९०७ हे साल मोठ्या भाग्याचे. 'कीचकवध' त्याच साली आले. कर्झनशाहीवरील रूपक त्यात आहे असे म्हणून पुढे १९१० साली सरकारने त्याच्यावर बंदी घातली, ही हकीकत आपण शाळेत शिकलेलो आहोत. त्याच साली त्यांचे 'बायकांचे बंड' हे नाटकही आले, त्याची मात्र आता फारशी कोणास आठवण नाही. त्याचे कथानक जैमिनीच्या अश्वमेधातील प्रमिलेच्या स्त्रीराज्याचे आहे. पांडवांचा घोडा स्त्रीराज्यात शिरतो, राणी प्रमिला तो अडविते, अर्जुन तेथे येऊन दाखल होतो, आणि शेवटी प्रमिला अर्जुनाची पत्नी होते. म्हणजे बंडाचा शेवट लग्नात. बायका पुरुषांवाचून राज्य करावयास निघाल्या की त्यांची कशी त्रेधा उडते हे पाहून प्रेक्षकांनी हसावे, अशी ही योजना. स्त्रियांच्या शिक्षणाचा आणि हक्कांचा वाद तेव्हा ऐन भरात होता. अशा वेळी ह्या हसण्याचा रोख पुराणातल्या प्रमिलेवर होता की पुण्या-मुंबईच्या शिकू लागलेल्या मुलींवर, हे कोणास सांगावयास नको होते.

खाडिलकरांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' ह्यांनी माझे आयुष्य सुखाचे केले आहे. परंतु जो नाटककार कीचकाच्या रूपाने साम्राज्याचा उद्दामपणा इतक्या स्पष्टपणे पाहू शकला, त्याला घरातल्या घरात चाललेली राजवट तितक्या स्पष्टपणे दिसू नये, ह्याचे मला नवल वाटल्यावाचून राहत नाही.

ह्या 'बायकांचे बंड'ला गिरिजाबाईंनी जे उत्तर दिले, त्याचे नाव 'पुरुषांचे बंड'. साल १९१२-१३ च्या आगेमागे. त्या वेळी बाईंचे वय पंचविशीच्या थोडे पुढे होते. नावातच निम्मे उत्तर आहे. बंड करावयाचे असेल तर पुरुषांनीही ते करून पाहावे, संसार आणि स्त्रिया ह्यांवाचून आपला निभाव कितपत लागतो ह्याचा एकदा अनुभव घ्यावा, असा हा डाव आहे. ताराबाई शिंद्यांनी जेथे शब्दांचा आसूड उगारला होता तेथे गिरिजाबाईंनी हसण्याला हसण्याने उत्तर दिले. माझ्या मते ही त्यांची खरी चलाखी. आसूड उगारणारास बाजूला काढणे सोपे असते. त्याला चढेल म्हणावे, आक्रस्ताळा म्हणावे, की काम झाले. पण जो तुमचाच विनोद उलटा करून तुमच्या हाती देतो, त्याच्यावर रागावणे फार अवघड जाते, कारण रागावलात की विनोद कळला नाही असे ठरते!

ह्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे लंडनमध्ये काय चालले होते पाहा. ज्या १९०७ साली मराठीत 'बायकांचे बंड' आले, त्याच साली लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये एलिझाबेथ रॉबिन्स ह्या नटीने लिहिलेले 'व्होट्स फॉर विमेन' हे नाटक झाले. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून ट्रॅफल्गार चौकात सभा भरली आहे, गर्दीतले लोक वक्त्या स्त्रियांची टर उडवीत आहेत आणि त्या त्यांना सडेतोड उत्तरे देत आहेत, असा सबंध एक अंक त्यात आहे. पुढे १९०९ साली सिसिली हॅमिल्टन आणि त्यांची मैत्रीण ख्रिस्तोफर सेंट जॉन ह्यांनी एक लहानसे प्रहसन लिहिले. पुरुष आमचे पालनकर्ते आहेत, म्हणून आम्हांस मत नको, असे सरकार म्हणते ना? मग सगळ्या स्त्रिया कामधंदा टाकून आपापल्या जवळच्या पुरुष नातलगाच्या घरी जाऊन राहतात. एका सामान्य कारकुनाच्या दारी आत्या, बहीण, भाची अशी रांग लागते, तेव्हा तो घाबरून मताधिकाराचा पुरस्कर्ता होतो. जळगावकडच्या एका मराठी गृहिणीचे आणि लंडनच्या ह्या नट्यांचे काही दळणवळण होते असे मी मुळीच सुचवीत नाही. तरी दोन्हीकडे युक्ती एकच सापडावी, म्हणजे पुरुषांचे तर्कशास्त्र खरे मानून चालावे आणि ते त्यांच्याच अंगावर कोसळू द्यावे, हे मोठे विलक्षण आहे. फरक एवढाच की लंडनच्या लेखिका स्वतः रंगभूमीवर वावरलेल्या होत्या, त्यांचा नट्यांचा संघ होता, नाट्यगृहे होती. आमच्या बाईंपाशी घरातला एक कोपरा होता.

'पुरुषांचे बंड'नंतर त्यांची लेखणी थांबली नाही. 'आयेषा', 'राजकुंवर', 'मंदोदरी', 'सावित्री', 'हीच मुलीची आई' अशी नाटके त्यांनी लिहिली. ह्या नावांवरून नजर फिरविली तरी एक गोष्ट लक्षात येते. रावणाच्या कथेत त्यांना मंदोदरी दिसते, सत्यवानाच्या कथेत सावित्री दिसते, आणि लग्नाच्या बैठकीत मुलीची आई दिसते. आमच्या जुन्या नाटकांत मुलीचा बाप पुष्कळदा येतो. 'शारदा' नाटकात मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधावयास निघालेला बाप कोणास आठवत नाही? देवलांनी तिच्या आईलाही बोलते केले आहे, हे खरे. पण नाटकाच्या नावात मुलीच्या आईला आणून बसविणे हे एखाद्या आईलाच सुचावे.

आता दुसरी बाजू. ह्याच बाईंनी 'गृहिणीभूषण' नावाचे दोन भागांचे पुस्तक लिहिले आहे आणि 'स्त्रियांचा स्वर्ग', 'संसारसोपान' अशीही त्यांची पुस्तके आहेत. नावेच पुरेशी बोलकी आहेत. आजच्या काही शिकलेल्या मुली ही नावे ऐकून नाक मुरडतात. माझ्या नात्यातील एक तरुण प्राध्यापिका मला म्हणाली, "काका, ज्या बाई गृहिणीला संसाराचा जिना चढायला सांगतात त्यांना तुम्ही स्त्रीवादी कसे म्हणता?" प्रश्न रास्त आहे. मी त्याला उडवून लावीत नाही. गिरिजाबाईंनी घर मोडावे असे कधी म्हटले नाही. लग्नसंस्थेवर त्यांनी ताराबाईंसारखा घाव घातला नाही, आणि पुढे १९३३ साली विभावरी शिरूरकरांनी 'कळ्यांचे निःश्वास' लिहून जे बोलून दाखविले ते बोलण्याचे धाडस त्यांच्या पिढीच्या गृहिणीला झाले नाही. त्यांच्या विचाराला मर्यादा होत्या हे मान्य करावयास हवे.

तथापि मी त्या प्राध्यापिकेस एवढेच म्हणालो की, घराबाहेर उभे राहून घराविषयी लिहिणे आणि घरात राहून, चारचौघांची वेळेवर पाने मांडून, मग लिहिणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गिरिजाबाईंच्या एका कथासंग्रहाचे नाव आहे 'केवळ विश्रांतीसाठी'. पुरुष लेखकाने हे नाव दिले असते तर आपण त्याला विनय म्हटले असते. गृहिणीने दिले तेव्हा मला त्यात दिवसाचे वेळापत्रक दिसते. सगळी कामे उरकल्यावर जी घटका उरते तिचे हे नाव आहे.

आणि त्या नुसत्या लिहीत बसल्या नाहीत. जळगावात त्यांनी भगिनी मंडळ स्थापन केले. एखाद्या जिल्ह्याच्या गावी स्त्रियांनी एकत्र बसावे, वाचावे, शिवण-टिपण शिकावे, चार शब्द बोलावे, ह्यासाठी तेव्हा किती घरांचे उंबरठे झिजवावे लागले असतील ह्याची कल्पना, ज्याने आपल्या उपनगरातल्या चाळीत एक साधे वाचनालय चालवून पाहिले आहे, त्यालाच येईल. सभासद मिळविणे सोपे, सभासदांना त्यांच्या सासूबाईंकडून परवानगी मिळविणे कठीण.

आणि मग आले १९२८ साल. मुंबईस भरलेल्या मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षस्थानी गिरिजाबाई केळकरांची निवड झाली. त्या पदावर बसलेली ही पहिली स्त्री. नाट्यसंमेलनाची सुरुवात १९०५ सालची, मुंबईचीच, पहिले अध्यक्ष दादासाहेब खापर्डे. म्हणजे अवघ्या तेवीस वर्षांत नाट्यसंमेलनाने स्त्रीला हा मान दिला. ह्याच्याशी साहित्यसंमेलनाची तुलना करून पाहा. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यास पहिले ग्रंथकार संमेलन भरले ते १८७८ साली, आणि तेथे अध्यक्षपदी पहिली स्त्री आली ती १९६१ साली, ग्वाल्हेरच्या अधिवेशनात, कुसुमावती देशपांडे. त्र्याऐंशी वर्षे लागली. सुशिक्षितांच्या, पदवीधरांच्या साहित्यसंमेलनाला जे सुचण्यास त्र्याऐंशी वर्षे लागली ते आमच्या रंगेल, कर्जबाजारी, चेहऱ्याला रंग फासणाऱ्या नाटकवाल्यांना तेवीस वर्षांत सुचले. नाटकवाल्यांना उठताबसता नावे ठेवणाऱ्यांनी हा हिशेब पाहून ठेवावा.

मात्र त्या १९२८ च्या दृश्याची दुसरी बाजू पाहिली म्हणजे हसावे की रडावे कळत नाही. अध्यक्षस्थानी स्त्री बसलेली आहे, आणि त्या वेळच्या प्रतिष्ठित मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका अजून पुरुषच करीत आहेत! बालगंधर्वांची भामिनी आणि सुभद्रा पाहून शालू कसा नेसावा हे घरोघरच्या बायका शिकत होत्या, तो हा काळ. घरंदाज स्त्रीला नाटकाविषयी अध्यक्षीय भाषण करता येत होते, पण त्याच नाटकात काम करणे तिला अशक्य होते. ही कोंडी फुटण्यास आणखी पाच वर्षे जावी लागली. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा सुशिक्षित मध्यमवर्गाने स्त्रीची भूमिका स्त्रीने केलेली मोकळ्या मनाने पाहिली. मुलुंडच्या संमेलनात मला जे राहून राहून वाटत होते ते हेच. बालगंधर्वांनी गाजविलेल्या भूमिका ज्यांनी स्वतः गाऊन, वठवून दाखविल्या, अशी स्त्री २०१८ मध्ये त्या खुर्चीवर बसली होती. १९२८ च्या खुर्चीवर बसलेल्या बाईंना त्या भूमिका नुसत्या पाहता आल्या होत्या.

गिरिजाबाईंनी आपले आत्मचरित्र लिहिले ते १९५९ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर. त्याचे नाव 'द्रौपदीची थाळी'. माहेरचे नाव त्यांनी तब्बल अर्ध्या शतकानंतर असे बाहेर काढले. वनवासात सूर्याने पांडवांना दिलेली ती थाळी आपणां सर्वांस ठाऊक आहे. कितीही पाहुणे येवोत, तिच्यातले अन्न सरत नाही. मात्र तिची एक अट असते, आणि कीर्तनकार ती सांगताना बहुधा घाई करतात. द्रौपदी जेवली की थाळी त्या दिवसापुरती रिकामी होते. म्हणून द्रौपदीने सर्वांच्या शेवटी जेवावयाचे. दुर्वासांची सगळी कथा ह्या अटीवर उभी आहे, कारण ऋषी आले तेव्हा ती जेवून बसलेली होती. बाईंच्या मनात हे नाव ठेवताना थाळीची समृद्धी होती की ती अट होती, हा ज्याच्या त्याच्या वाचनाचा प्रश्न. मला स्वतःला मात्र ते मुखपृष्ठ पाहताक्षणी अटच आठवली.

हे सारे जमा करून झाल्यावर मी त्या जुन्या विद्यार्थिनीचा शोध घेतला. ती आता स्वतः बोरिवलीकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे आणि स्नेहसंमेलनाचे नाटक बसविण्याचे काम तिच्याकडे आहे. दूरध्वनीवरून मी तिला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे मी चुकीचे उत्तर दिले होते. जुन्या काळी बायका नाटके लिहीत होत्या." तिला तो प्रसंग आठवत नव्हता. मी सर्व हकीकत सांगितली, 'पुरुषांचे बंड'चे नाव सांगितले. ती खळखळून हसली.

"नाव झकास आहे, सर," ती म्हणाली. "पण आमच्या शाळेत सगळ्या मुलीच. पुरुषांची कामे कोण करणार?"

मी म्हणालो, "मुलीच करतील."

"मग मिशा लागतील," ती म्हणाली, आणि दादरला मिशा कोठे मिळतात ते मला विचारू लागली.